बाथरूमची सांधेदुखी

वीस-पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटचं बाथरूम दाखवायला मिस्त्रीला बोलावलं, की तो बहुधा दारातूनच निकाल देतो, "सगळं काढावं लागेल." मग हिशेब सुरू होतो. टाइल्स फोडायच्या, वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, सोसायटीची परवानगी घ्यायची, डिपॉझिट भरायचं, डेब्रिज गोणीत भरून जिन्यानं उतरवायचं. घरात एकच बाथरूम असेल तर तोवर आंघोळ शेजाऱ्यांकडे. बहुतेक घरांत बेत इथंच बारगळतो आणि कळकट बाथरूम आणखी काही वर्षं तसंच राहतं.

पण त्या बाथरूममधलं नेमकं काय बिघडलंय, हे दारातून दिसत नाही. भिंतीवरच्या टाइलचा चकचकीत थर म्हणजे हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजलेली काच. तो सहजी झिजत नाही. झिजतो तो दोन टाइल्समधला सांधा. आपल्याकडे जुन्या कामात तिथं पांढरं सिमेंट भरलेलं असतं. ते सच्छिद्र, त्यामुळे साबण, तेल, मळ सगळं पितं आणि त्यावर बुरशी धरते. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी सांध्यांवर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी दोन तपासण्या. नाण्यानं टाइल्स वाजवून बघा. बद्द आवाज आला तर ती टाइल मागून सुटली आहे. चार-दोन असतील तर तेवढ्याच बदलता येतात, अर्धी भिंत बोलू लागली तर मिस्त्रीचंच खरं. दुसरं म्हणजे खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आहे का, हे विचारून या. असेल तर सांधे भरून भागणार नाही. पैसे गळतीसाठी ठेवा, सौंदर्य नंतर.

आता सफाई. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी भिंतीवर वाळलं, की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतो. तोच तो पांढरा थर. त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे ॲसिडची बाटली. ओतलं की फसफसतं, धूर निघतो आणि टाइल लख्ख होते, म्हणून तिचं कौतुक. पण हायड्रोक्लोरिक ॲसिडला क्षार आणि सिमेंट यांत फरक कळत नाही. ते दोन्ही खातं. दर दिवाळीला ॲसिडनं धुतलेल्या बाथरूमचे सांधे खोल, खडबडीत होतात, त्यात मळ जास्त साचतो, म्हणून पुढच्या वेळी जास्त ॲसिड. नळाचं क्रोमही त्यातच जातं.

त्याऐवजी आधी धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण लावून चिकट थर काढावा. जड पाण्यात साबणाची जी चिकट साय बनते, ती तेलकट असते आणि तिच्याखालच्या क्षारापर्यंत काही पोचू देत नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. सांधे आधी साध्या पाण्यानं भिजवून घ्या, म्हणजे ते आंबट पाणी कमी शोषतात. जिथं थर जाड आहे तिथं या पाण्यात भिजवलेली चिंधी पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा, घासा, धुवा. शॉवरची आणि नळाची जाळीही काढून याच पाण्यात टाकता येते. खाली शहाबाद, कोटा, कडप्पा, संगमरवर किंवा मोझॅइक असेल तर मात्र लिंबूसुद्धा नको. या फरशांतही तोच कॅल्शियम कार्बोनेट असतो, तिथं पॉलिशवाला बोलवावा.

बुरशीचे काळे डाग ब्लीचनं जातात. पण ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं, की क्लोरीन वायू सुटतो. बंद, लहान खोलीत तो जिवावर बेतू शकतो. कमोड धुण्याच्या बऱ्याच द्रावणांतही ॲसिडच असतं, हे लक्षात असू द्या. दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून.

मग मुख्य काम. जुन्या सांध्यावर नुसतं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं मिश्रण, फासलं तर ते महिन्याभरात पापडासारखं सुटतं. आधी खरवडायलाच हवं, निदान टाइलच्या अर्ध्या-पाऊण जाडीइतकं. हॅकसॉचं तुटकं ब्लेड यासाठी उत्तम, फक्त घाई केली तर टाइलची कड उडते. धूळ ब्रशनं काढा. सिमेंटचं ग्राउट घट्टसरच कालवा. पाणी जास्त झालं की वाळताना भेगा पडतात. रबरी पट्टीनं तिरक्या दिशेनं दाबून भरा, पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजनं पुसा आणि निदान एक दिवस आंघोळीचं पाणी लागू देऊ नका. एकच बाथरूम असलेल्या घरानं म्हणूनच एका शनिवारी भिंती आणि दुसऱ्या शनिवारी फरशी असं करावं.

किती लागतं? चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये आठ बाय बारा इंचांच्या टाइल्स सात फुटांपर्यंत असतील आणि सांधे दोन-तीन मिलिमीटरचे असतील, तर दोन-तीन किलो पुरतं. किलोची पिशवी शंभर रुपयांच्या आसपास मिळते. इपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही, डाग धरत नाही, पण कैक पटींनी महाग आणि हाताळायला हट्टी. सांधा ठणठणीत कोरडा लागतो आणि टाइलवर सांडलेलं तेव्हाच पुसलं नाही तर ते कायमचं तिथंच राहतं. मी ते फक्त फरशीला आणि शॉवरखालच्या भिंतीला वापरीन, तेही सरावलेल्या हाताकडून.

भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथं हालचाल होते आणि चीर पडते. तिथं आणि बेसिनच्या कडेला बुरशीरोधक सिलिकॉन, जुनं पूर्ण खरवडून.

टाइलवर मारायचा दोन डब्यांचा इपॉक्सी रंग मिळतो. घासून, तेलकटपणा काढून लावला तर कोरड्या भिंतीवर बरा टिकतो. फरशीवर मात्र पोपडे धरतो. टाइलवर टाइल बसवण्याचाही सल्ला मिळेल. मग फरशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येते, दार घासतं आणि उंबरठा बुटका पडला तर पाणी पॅसेजमध्ये येतं.

ग्राउटचा रंग पांढरा घेऊ नका. फिका राखाडी घ्या, मळ दिसायला वेळ लागतो. उरलेली पावडर हवाबंद डब्यात ठेवा आणि पिशवीवरचा शेड नंबर कापून त्याच डब्यात टाका. दुकानात जाऊन नुसतं "राखाडी" म्हटलं, की काउंटरवर पाच वेगवेगळे राखाडी येतात.