पासपोर्टची मुदत आणि नागरिकत्वाची मुदत

अमेरिकेत नागरिकत्वाच्या शपथविधीला जाणारा माणूस आधी ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, जमा करतो. मग उजवा हात वर करून सगळ्यांसोबत शपथ म्हणतो आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतो. घरी कपाटात भारतीय पासपोर्ट तसाच असतो, मुदत संपायला अजून पाच-सहा वर्षं असलेला. तो चालूच आहे असं त्याला वाटतं. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते, कारण शपथ पूर्ण झाली तेव्हाच त्याचं भारतीय नागरिकत्व संपलेलं असतं.

भारताच्या 1955च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तसं स्पष्ट सांगतं: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं जातं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कुणाला आदेश काढावा लागत नाही. पासपोर्ट वकिलातीत जमा करून प्रमाणपत्र घेणं ही नंतरची पूर्तता आहे. ती केली नाही म्हणून नागरिकत्व उरत नाही. उलट त्या जुन्या पासपोर्टवर प्रवास केला, तर तो गुन्हा ठरू शकतो. 2022 या एका वर्षात 2,25,620 जणांनी भारतीय नागरिकत्व सोडल्याची माहिती सरकारने संसदेत दिली होती.

अमेरिका दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, असंही पुष्कळांना वाटतं. शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडत असल्याचे शब्द आहेत, त्यामुळे हा समज होतो. प्रत्यक्षात अमेरिकेचा कायदा जुनं नागरिकत्व सोडून दाखवा असं म्हणत नाही. अडवणूक भारताच्या बाजूने आहे. जर्मनीचं ताजं उदाहरण बघण्यासारखं आहे. 27 जून 2024पासून तिथे नागरिकत्व घेताना मूळचं सोडावं लागत नाही. म्हणून तिथला तुर्की माणूस आता दोन्ही ठेवू शकतो, कारण तुर्कस्तानचीही हरकत नसते. त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पुण्याच्या इंजिनियरला मात्र ते जमत नाही. दोन्ही देशांनी हो म्हटलं तरच दुहेरी नागरिकत्व होतं.

मग भारतीय नागरिकत्व गेलेल्यांना मिळणारं ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड काय असतं? दिसायला ते पासपोर्टसारखं पुस्तक, वर राजमुद्रा, आणि नावातच ‘सिटिझन’ शब्द. गोंधळ व्हायला एवढं पुरेसं आहे आणि या नावानेच लोकांची सर्वाधिक दिशाभूल केली आहे, असं म्हणावं लागतं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, त्याला जोडलेल्या काही सवलतींसह. ते असलेल्याला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सहसा मिळत नाही. पत्रकारिता किंवा संशोधन करायचं असेल, तर वेगळी परवानगी लागते. ठाण्यात फ्लॅट घेता येतो, पण गावाकडे शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. मात्र वडिलांची शेती वारशाने मिळत असेल, तर सात-बाऱ्यावर नाव लागायला हे कार्ड आड येत नाही. कार्ड घेतलं म्हणून हिस्सा गेला, असं भावकीत कुणी सांगितलं तर ते खरं मानू नये.

ग्रीन कार्डवाला मात्र पूर्ण भारतीयच असतो. मतदारयादीत नाव असेल, तर इथे येऊन तो मतही देऊ शकतो.

गोव्यात दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न निराळ्याच वाटेने येतो. 1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या मुलांना आणि मुलांमार्फत नातवंडांनाही ती वाट मोकळी आहे. सासष्टी-बारदेशातल्या अनेकांनी त्यासाठी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून घेतली, आणि त्या पासपोर्टावर ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमधलं स्विंडन गाठलं. पोर्तुगालमध्ये राहायची अट नाही, नव्याने नागरिक होण्याची प्रक्रिया नाही. ‘आम्ही नवं काही घेतलं नाही, आजोबांचं होतं तेच नोंदवलं,’ ही त्यांची भावना प्रामाणिक आहे. पण भारताने 1962च्या आदेशाने 20 डिसेंबर 1961पासून गोवेकरांना भारतीय नागरिक ठरवलं. जुनंच ठेवायचं असणाऱ्यांना तसं लेखी कळवायला एक महिना दिला होता. त्यामुळे आज कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढला, तर भारतीय नियम त्याला स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतल्याचा पुरावा मानतात. नोंद झाली पण पासपोर्ट काढला नाही, अशांचं काय, यावरचे वाद कोर्टापर्यंत गेले आहेत.

मुलांच्या बाबतीत कायदा थोडा सैल आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय आईवडिलांनी वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवला, तर त्याला भारतीय नागरिकत्व मिळतं. मात्र मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यावं लागतं. जन्मामुळे दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारताचं जातं.

आणि एकदा गेलेलं परत मिळतच नाही, हाही गैरसमजच. ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली असली आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असलं, की पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते मिळताना मधल्या काळात घेतलेलं दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं.