मोरचुदाची साक्ष

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : क्ष-किरण म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग, हे पाठ आहे, पण ते तरंगच आहेत हे कळलं कशावरून?

प्रश्न लाखमोलाचा आहे. हे किरण शोधणाऱ्या खुद्द राँटगेनलाही त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. 1895 मध्ये त्याने या किरणांपुढे लोलक धरले, भिंगं धरली, लोहचुंबक धरला; किरण कशालाच दाद देईनात. कण की तरंग, हा वाद पुढे सतरा वर्षं चालला.

अडचण मापाची होती. तरंग ओळखायचा तो विवर्तनावरून, म्हणजे बारीक फटींतून जाताना त्याच्या पसरण्यावरून. प्रकाशाचं विवर्तन दाखवायला काचेवर अगदी जवळजवळ रेघा ओढतात. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र प्रकाशाच्या काही हजारपट कमी. गव्हाच्या चाळणीतून मोहरी पडावी, तसे ते सरळ आरपार जायचे. 1912 मध्ये म्युनिकला माक्स फॉन लाउएच्या मनात आलं, हवी तेवढी बारीक चाळणी निसर्गानेच विणून ठेवली आहे : स्फटिकातल्या अणूंच्या रांगा!

पण कल्पना सुचली म्हणजे काम झालं असं नाही. झोमरफेल्डसारख्या बड्या प्राध्यापकाला यातून काही निघेल असं वाटत नव्हतं. प्रयोग केला तो वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग या दोन तरुणांनी. स्फटिक कोणता? मोरचूद! चुन्यात मिसळून आपले बागायतदार द्राक्षांवर बोर्डो मिश्रण फवारतात, तोच निळा खडा. पहिला प्रयत्न फसला. मग त्यांनी फोटोची काच खड्याच्या मागे ठेवली आणि कित्येक तास किरण सोडले. काच धुतली, तर मधल्या मोठ्या डागाभोवती पुसट, लांबट ठिपके उमटलेले! ठरावीक दिशांनाच लाटा एकमेकींना बळ देतात, बाकीकडे एकमेकींना पुसून टाकतात, म्हणून ठिपके. क्ष-किरण तरंग आहेत आणि स्फटिकात अणू रांगेने बसलेले असतात, या दोन्ही गोष्टी एकाच काचेवर सिद्ध झाल्या.

आज नांदेडच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा संशोधक एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावरून अणूंमधलं अंतर काढतो, ते याच वाटेने. त्यासाठी वापरायचं सूत्र ब्रॅगचं. ब्रॅग पितापुत्रांना 1915 चं नोबेल मिळालं. त्याआधीचं, 1914 चं, एकट्या लाउएला. फ्रीडरिश आणि क्निपिंग ही नावं आपल्या मुलांच्या कानावरही पडत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. लाउएने मात्र पारितोषिकाच्या रकमेतला वाटा त्या दोघांना दिला होता.