केटी लागल्यावर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्राच्या निकालात अनेकांच्या नावापुढे आयुष्यात पहिल्यांदाच नापास हा शेरा येतो. दहावी-बारावीला ऐंशीच्या पुढे गुण मिळवलेली मुले गणितात किंवा मेकॅनिक्समध्ये चाळीसही गाठत नाहीत. विषय राहिला तरी पुढच्या सत्राचा अभ्यास सुरू ठेवता यावा म्हणून विद्यापीठांत 'अलाउड टू कीप टर्म्स' ही सोय असते. मुंबईकडे तिला केटी म्हणतात. पुण्याकडे राहिलेल्या विषयाला बॅक म्हणतात आणि असे विषय ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की वायडी होतो, म्हणजे वर्ष जाते.

ही घसरण हुशारी अचानक आटल्यामुळे होत नाही. बारावीचा भाग विद्यार्थ्याच्या कानांवरून दोन-तीनदा जातो: एकदा कॉलेजात, एकदा क्लासमध्ये आणि परीक्षेआधीच्या उजळणीत पुन्हा. त्याच्या वेळेचे नियोजनही क्लासवाले आणि घरचे करत असतात. इंजिनिअरिंगच्या सत्रात भाग एकदाच शिकवला जातो, तोही काही महिन्यांत. शेवटचे आठवडे जर्नल, सबमिशन आणि ओरल यांत जातात आणि लेखी परीक्षेच्या तयारीला मिळालेली सुट्टी, म्हणजे पीएल, बघता बघता संपते. एमएचटी-सीईटी आणि जेईईच्या तयारीत पर्याय निवडण्याची सवय लागलेली असते. इथे मात्र पायऱ्या मांडत, आकृत्या काढत घड्याळाशी झगडून पेपर लिहायचा असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना शिवाय भाषेचाही अडथळा पार करावा लागतो. 2021मध्ये भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवण्यास परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर शाखेचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. पण बहुसंख्य मुलांपुढे पाठ्यपुस्तक आणि पेपर इंग्रजीतच येतात.

निकालानंतरचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी दोन-तीन दिवस उदासी, मग घरच्यांची बोलणी, मग शपथ आणि शेवटी नवे टाइमटेबल. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे रंगीत चौकोन भिंतीवर चिकटवले जातात. घरच्या मंडळींना ते पाहूनच अर्धा अभ्यास झाल्यासारखे वाटते. दहा-बारा दिवसांत ये रे माझ्या मागल्या होते. अशा टाइमटेबलात चूक मेहनतीच्या तयारीची नसते. गुण नेमके कुठे गेले आणि वेळ नेमका कुठे गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधताच ते बनवलेले असते. पश्चात्ताप आणि आत्मपरीक्षण यांत इथे मोठी गल्लत होते. 'मी अभ्यासच केला नाही' हे वाक्य कितीही मनापासून म्हटले तरी त्यातून सोमवारी संध्याकाळी काय करायचे ते कळत नाही.

शोधाची सुरुवात उत्तरपत्रिकेपासून करता येते. विद्यापीठे शुल्क घेऊन छायाप्रत देतात आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. दोन्हींची मुदत निकालानंतर थोडे दिवसच असते, त्यामुळे उदासीचे दिवस इथे महागात पडतात. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकार कायद्यानुसार विद्यार्थ्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात दिला. बहुतेक मुले छायाप्रत मागवतात ती दोन-चार गुण वाढतील या आशेने. ते वाढले तर उत्तमच; पण गुण का गेले ते दाखवणारा दुसरा पुरावा नाही म्हणूनही ती मागवावी.

छायाप्रत हातात आल्यावर गमावलेला प्रत्येक गुण कोणत्या कारणाने गेला ते समासात लिहीत जावे. काही गुण कोऱ्या जागेत गेलेले असतात, कारण ते युनिटच ऑप्शनला टाकलेले होते. काही ठिकाणी भाग वाचलेला होता, पण ऐनवेळी आठवला नाही. काही ठिकाणी पद्धत बरोबर असून आकडेमोड चुकली, एकक लिहायचे राहिले किंवा फ्री बॉडी डायग्राम काढलाच नाही. कुठे पहिल्या दोन प्रश्नांवर निम्मा वेळ गेला आणि शेवटचे पंधरा-वीस गुण वेळेअभावी सुटले. या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. वेळ न पुरलेल्या विद्यार्थ्याने आणखी वाचन करून उपयोग नाही. त्याला घड्याळ लावून पेपर सोडवायला हवेत. ज्याने तीन युनिटे ऑप्शनला टाकली, त्याचा प्रश्न सत्राच्या दुसऱ्या महिन्यातच तयार झाला होता, परीक्षेच्या हॉलमध्ये नव्हे. 'पेपर अवघड होता' हे कारण मात्र समासात लिहू नये. ते खरेही असू शकते, पण त्यावर विद्यार्थ्याला काही करता येत नाही.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लोवेट यांनी ही चिकित्सा अध्यापनाचाच भाग केली. तपासलेल्या पेपरासोबत विद्यार्थ्याला एक छोटी प्रश्नावली मिळते: तयारी कशी केली, चुका कोणत्या प्रकारच्या झाल्या, पुढच्या वेळी काय बदलणार? भरलेले कागद शिक्षक जमा करतात आणि पुढच्या परीक्षेच्या तयारीआधी ज्याचे त्याला परत देतात. युक्ती या परत देण्यात आहे. निकालाच्या दिवशीचे शहाणपण दोन महिन्यांनी, नेमके हवे तेव्हा, आठवत नाही. आपल्याकडे शिक्षक असे करत नसतील तर विद्यार्थ्याने तो कागद स्वतः लिहून पुढच्या पीएलच्या पहिल्या दिवसापर्यंत जपून ठेवावा.

समासातल्या नोंदींत 'वाचले होते, आठवले नाही' हे कारण पुन्हा पुन्हा दिसले तर अभ्यासाची रीतच तपासायला हवी. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झालेले सगळे येते असे वाटू लागते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा भ्रम स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने तो एकदाच अभ्यासला आणि उरलेल्या तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता: त्याला 83 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने पारडे फिरले. वाचणाऱ्यांना 40 टक्केच आठवले, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला पुढेही चांगले आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता. नाइट मारून पेपरला जाणारा मुलगा कधीकधी पास का होतो आणि त्याच विषयावर आधारलेल्या पुढच्या सत्रात कोरा का असतो, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून अभ्यासाचा निम्माअधिक वेळ पुस्तक मिटून घालवावा. थिअरीचा मुद्दा कोऱ्या कागदावर लिहून काढावा, डेरिव्हेशन न बघता मांडावे, मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवावेत आणि अडेल तिथेच पुस्तक उघडावे. सोडवलेली उदाहरणे नुसती वाचत जाणे ही गणितातली सर्वांत मोठी फसवणूक आहे. पुढची ओळ समोर असली की ती पटतेच. असा अभ्यास दमवतो, आपल्याला काहीच येत नाही असेही सुरुवातीला वाटते. शिवाय तो पसरून करावा लागतो. एकाच विषयाचे सहा तास एका रात्रीत कोंबण्यापेक्षा तीन आठवड्यांत वाटले तर तेच तास जास्त काळ टिकतात. पाठ केलेले किती झपाट्याने विसरते ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडले होते. थोडे विसरू लागल्यावर केलेली उजळणी पक्की बसते. आणि अभ्यास पसरायचा म्हटले की वेळेचा हिशोब मांडावाच लागतो.

आठवड्यात 168 तास असतात. कल्याणहून अंधेरीला कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. झोपेचे 56, कॉलेजचे 36, लोकलचे 18, जेवणखाण आणि घरच्या कामांचे 21 तास धरले तर 37 तास उरतात. हा कागदावरचा आकडा झाला. प्रत्यक्षात कुठे काय जाते ते कळण्यासाठी एक आठवडा, काहीही न बदलता, दर दोन-तीन तासांनी नोंद करावी. मोबाइलमधला स्क्रीन टाइमचा आकडाही त्यात लिहावा; त्याच्याशी वाद घालता येत नाही. बहुतेक वेळा असे दिसते की मोठे तुकडे कुठे हरवलेले नसतात. दोन लेक्चरांमधला रिकामा तास, घरी पोचल्यावरची संध्याकाळ, झोपण्याआधीचा मोबाइल अशा फटींतून वेळ गळतो.

उरलेल्या 37 तासांवर 37 तासांचा अभ्यास लावणे हीच रंगीत टाइमटेबलांची चूक. वीस तास लावले तरी पुष्कळ झाले. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे सवयीने कमी करतात. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वेर्स्की यांनी 1979मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. 1994मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील ते विचारले. सरासरी अंदाज 34 दिवसांचा आला. सगळेच बिघडले तर किती, याचे उत्तर सुमारे 49 आले. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. यावर उपाय असा, की अंदाज इच्छेवरून न बांधता मागच्या नोंदीवरून बांधावा. मेकॅनिक्सचे मागचे युनिट नऊ तासांत झाले असेल, तर पुढचे चार तासांत होणार नाही.

आठवड्याच्या आखणीत 'गणित' एवढे लिहिणे पुरत नाही. 'मंगळवारी सात वाजता, जेवणाआधी, पार्शल डिफरन्सिएशनची सहा गणिते' असे लिहिले की काय करायचे ते ठरवण्यात वेळ जात नाही. रविवारचे दोन-तीन तास मुद्दाम रिकामे ठेवावेत. आठवड्यात बुडालेले तिथे भरून निघते आणि एक दिवस चुकल्याने सगळी आखणी कोसळत नाही. लोकलमध्ये उभ्याने डेरिव्हेशन होत नाही; पण सकाळच्या लेक्चरमधले मुद्दे आठवून पाहणे किंवा सूत्रांची कार्डे चाळणे होते.

केटीची खरी कसोटी पुढे असते, कारण चालू सत्राचे विषय थांबत नाहीत. राहिलेला विषय परीक्षेच्या तोंडावर बघू म्हणणारा विद्यार्थी त्या वेळी दोन सत्रांच्या विषयांशी एकदम झुंजतो आणि जुना विषय सोडवताना नवा घालवून बसतो. त्यापेक्षा जुन्या विषयाला पहिल्या आठवड्यापासून आठवड्याचे चार तास द्यावेत, आणि त्या तासांना हात लावू नये. त्यातही चालू सत्राला पायाभूत असलेला विषय आधी घ्यावा. पहिल्या सत्रातले इंटिग्रेशन कच्चे राहिले तर पुढच्या गणिताला वारंवार ठेच लागते.

टाळाटाळ होतेच. तिचे मूळ आळसापेक्षा अनेकदा धास्तीत असते: ज्या विषयाने नापास केले त्याचे पुस्तक उघडले की निकालाचा दिवस आठवतो, म्हणून हात दुसऱ्या कामाकडे जातो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी करून 2010मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. 'तुला लाज कशी वाटत नाही' या घरगुती उपचाराचा फेरविचार पालकांनी करायला हरकत नाही.

सगळीच कारणे अभ्यासात सापडतात असे नाही. आजारपण, घरातली आर्थिक ओढाताण, फीसाठी केलेली नोकरी, वसतिगृहातला त्रास किंवा मनाविरुद्ध घेतलेली शाखा यांवर टाइमटेबल चालत नाही. कॉलेजातले मेंटॉर शिक्षक आणि समुपदेशक यांच्यापर्यंत ही कारणे लवकर पोचली तर काही मार्ग निघू शकतो. झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असतील तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.

गुण सावरायला वाव किती, ते सीजीपीएच्या हिशोबावरून कळते. आठही सत्रांचे क्रेडिट सारखे धरले आणि पहिल्या सत्रात 5.2 पडले, तर पदवीअखेर 7 गाठण्यासाठी उरलेल्या सात सत्रांत सरासरी 7.26 लागते. तीन सत्रे 5.2वर राहिली तर उरलेल्या पाचांत 8.08 लागते. कॅम्पस प्लेसमेंटला येणाऱ्या अनेक कंपन्या साठ टक्क्यांची आणि चालू केटी नसण्याची अट घालतात. सुटलेली केटी बहुतेक ठिकाणी आड येत नाही. काही कंपन्या तिच्याबद्दल मुलाखतीत विचारतात.