गुरांची आवड आणि गायरानाचे गवत

पावसाळ्याच्या मध्यावर एखाद्या गावच्या गायरानात थोडा वेळ थांबून चरणारी गुरे न्याहाळली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. सभोवार गवत असूनही गाय सरसकट चरत नाही. ती चार पावले टाकते, हुंगते, एक ठोंब सोडते आणि दुसऱ्याला जीभ घालते. ही निवड लहरीची नसते. गायरान टिकणार की उजाड होणार, हे बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरते.

गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेचा विळखा घालून गवत ओढायचे आणि खालच्या दातांवर दाबून तोडायचे, ही तिची रीत. त्यामुळे मऊ, पानाळ, वीतभर वाढलेले गवत तिला सोयीचे पडते. काडीपेक्षा पान आणि वाळल्यापेक्षा हिरवे ती आधी उचलते. तुरा आला की गवतातील प्रथिने घटतात, काडी राठ होते आणि एरवी आवडीचे असलेले गवतही मागे पडते. शेणाभोवतालचे गवत तर कितीही हिरवे असले तरी ती टाळते.

दबडघाव व शंकरनारायण यांनी भारतीय गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार मांडले. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात महाराष्ट्राचे पठार ‘सेहिमा-डायकँथियम’ या प्रकारात येते. यातील सेहिमा म्हणजे आपल्याकडील शेडा व पवना, तर डायकँथियम म्हणजे मारवेल. गुरांच्या पसंतीत ही गवते वरच्या पंक्तीला बसतात. हलक्या, कोरड्या जमिनीत तग धरणारे अंजनही त्याच तोलाचे. हरळी शेतात शिरली की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. गायरानात मात्र ती गुरांचे आवडते खाद्य ठरते. तिच्या काड्या जमिनीलगत पसरत असल्यामुळे गुरांच्या तोंडून त्या बचावतात आणि पुन्हा फुटतात.

कुसळीची गोष्ट निराळी. कोवळेपणी गुरे ती खातात. परंतु एकदा कुसळे धरली की ती तोंडात टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत अडकून कातडीतही शिरतात. रोशा गवताला तर त्याच्या उग्र वासाच्या तेलामुळे गुरे सहसा तोंड लावीत नाहीत.

खरी अडचण येथेच सुरू होते. जे गवत गाईला आवडते, ते वारंवार खाल्ले जाते. त्याला पाने धरण्यास, मुळांत अन्न साठविण्यास आणि बी पाडण्यास उसंत मिळत नाही. खाल्लेल्या जागी फुटलेला कोवळा फुटवा अधिक गोड असल्यामुळे गुरे पुन्हा तेथेच वळतात. नावडते गवत मात्र निर्धास्त वाढते आणि बी झाडते. अशा रीतीने शेडा व मारवेल हटतात, कुसळी पसरते; चराई तशीच चालू राहिली तर अरिस्टिडासारखी, एका हंगामात संपणारी हलकी गवते उरतात. डोंगर भाद्रपदात हिरवा दिसतो, पण त्या हिरवाईत गुरांच्या पोटाचे फार थोडे असते. गायरानाची प्रत ठरविताना म्हणूनच गवत किती आहे यापेक्षा कोणते आहे, हे पाहावयास हवे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. जमीन राखली म्हणजे गवत राखले गेले, असे मात्र होत नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० च्या दशकात मोकळ्या चराईला बंदी घातली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. ज्याच्या दावणीला एकच गाय आहे व घरी शेत नाही, त्याला सरसकट बंदीचा फटका सर्वांत आधी बसतो. त्याच्या भाऱ्याची सोय लावल्याशिवाय ग्रामसभेत असा ठराव करणे न्यायाचे नाही, आणि तो फार काळ पाळलाही जाणार नाही.

जेथे पूर्ण बंदी शक्य नाही, तेथे गायरानाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चारावे. एक भाग संपूर्ण पावसाळाभर बंद ठेवावा व दरवर्षी तो बदलावा. पहिल्या पावसानंतर लगेच गुरे सोडण्याची घाई विशेष नडते, कारण त्या वेळचा कोंब मुळांतील शिल्लक अन्नावर उभा असतो. जेथे चांगल्या गवताचे ठोंबच उरलेले नाहीत, तेथे नुसत्या विश्रांतीने भागत नाही. मारवेलाचे मुळांसह काढलेले ठोंब पाऊस स्थिरावल्यावर लावावेत. अंजनाचे बी अतिशय हलके व तुसाळ असते, वाऱ्याबरोबर उडते. राखलेल्या भागात ते पिकले की झडण्यापूर्वी हाताने ओरबाडून कोरड्या जागी ठेवावे आणि पुढील जूनमध्ये ओलसर मातीत कालवून, हलक्या हाताने, वरवर पेरावे.