हिमरू-पैठणीच्या विणीचे समीप छायाचित्रण आणि जुनी भिंगे

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू आणि गोदाकाठच्या पैठणची पैठणी ही मराठवाड्याच्या हातमाग परंपरेतील दोन प्रमुख वस्त्रे होत. हिमरू विणणारे कारागीर आज मोजकेच उरले आहेत आणि जुने नमुने घरोघरच्या पेट्यांत जीर्ण होत आहेत. अशा नमुन्यांची नोंद करताना संपूर्ण वस्त्राचे छायाचित्र पुरेसे ठरत नाही. वस्त्राची ओळख नक्षीत असते तितकीच विणीतही असते. हिमरूत सूत व रेशीम यांचा मेळ असून नक्षीचे जादा आडवे धागे मागील बाजूस सुटे सोडलेले असतात. पैठणीच्या पदरात मात्र वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत गुंतवले जातात. त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. यंत्रावर काढलेल्या नकलेच्या मागे बहुधा तरंगते धागे आढळतात. हा भेद निर्विवादपणे दाखवायचा तर धागा न् धागा दिसेल असे समीप छायाचित्रण, म्हणजेच मॅक्रो छायाचित्रण, आवश्यक ठरते.

या कामासाठी खास मॅक्रो भिंग हवे, अशी समजूत आहे आणि त्याची किंमत पाहून बहुतेक विभाग हा विषय तेथेच सोडून देतात. वास्तविक अनेक महाविद्यालयांच्या भांडारात फिल्मच्या काळातील कॅमेरे, ५० मि.मी.ची भिंगे आणि बंद पडलेल्या डार्करूममधील एन्लार्जर निर्लेखनाची वाट पाहत पडलेले असतात.

तत्त्व :

भिंग संवेदकापासून जितके दूर सरकवावे तितकी प्रतिमा मोठी होते. अनंत अंतरावर केंद्रित केलेले ५० मि.मी.चे भिंग आणखी ५० मि.मी. पुढे नेले, की वस्तू व प्रतिमा यांचे प्रमाण एकास एक होते. त्यासाठी पोकळ नळ्या (एक्स्टेन्शन ट्यूब) किंवा भाता वापरतात. एरवी जुन्या भिंगाची बैठक नव्या कॅमेऱ्यास जुळत नाही आणि जाड ॲडाप्टरमुळे दूरची दृश्ये स्पष्ट दिसत नाहीत, ही तक्रार खरी असते. येथे मात्र भिंग दूरच न्यायचे असल्याने ॲडाप्टरची जाडी उपयोगीच पडते.

एकास एक प्रमाणात सुमारे २४ × १६ मि.मी.च्या संवेदकावर कापडाचा तेवढाच तुकडा उमटतो. आडव्या दिशेने ६,००० चित्रबिंदू असतील, तर ०.२ मि.मी. जाडीच्या धाग्यास ५० बिंदू मिळतात. धाग्याचा पीळ तपासण्यास ते पुरेसे आहेत.

सामान्य भिंग दूरच्या वस्तूसाठी घडवलेले असते. त्याच्या पुढील बाजूस मोठे, तर मागील बाजूस लहान अंतर गृहीत धरलेले असते. प्रमाण एकाहून अधिक झाले की ही स्थिती उलटते, म्हणून भिंगही उलटे बसवावे. रिव्हर्स रिंग ही त्यासाठीची साधी कडी. स्वयंचलित केंद्रीकरण नसणे हा येथे दोष नाही; मेजावर पसरलेले वस्त्र पळून जात नाही.

सपाट वस्तूसाठी एन्लार्जरचे भिंग अधिक सरस ठरते. सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर प्रतिमा पाडणे हेच त्याचे मूळ काम असल्याने कडेचे धागेही मध्याइतकेच स्पष्ट येतात. निप्पॉन कोगाकू कंपनीचे १९५६ मधील ५ सें.मी.चे मायक्रो-निक्कोर हेदेखील जपानी दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्मसाठीच घडले होते. एन्लार्जरचा भक्कम खांब तर टाकूच नये. वरचा भाग काढून तेथे कॅमेरा बसवला, की वस्त्राला समांतर राहणारा उत्तम आधार तयार होतो.

मर्यादा व दक्षता :

भिंगावर एफ/८ लिहिलेले असले तरी एकास एक प्रमाणात ते एफ/१६ प्रमाणे वागते. प्रकाश चौपटीने घटतो, त्यामुळे उद्भासनकाळ वाढवावा लागतो. अधिक स्पष्टतेच्या लोभाने छिद्र एफ/१६ पर्यंत लहान केल्यास विवर्तनामुळे धाग्यांच्या कडा मऊ पडतात. एफ/५.६ ते एफ/८ हीच मर्यादा इष्ट होय. एवढ्या छिद्रास सुस्पष्टतेची खोली सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटरच मिळते, तेव्हा कापडास सुरकुती नसावी. जुन्या वस्त्रास मात्र इस्त्री करू नये किंवा ते ताणूही नये.

जवळजवळ आडवा येणारा प्रकाश विणीचा उठाव दाखवतो, पण जरीवर तो चमकतो. धातूच्या चमकेवर केवळ भिंगावरील ध्रुवण-गाळणी चालत नाही. दिव्यासमोरही ध्रुवणपट्टी लावून दोन्ही परस्परांना काटकोनात ठेवाव्या लागतात. तेवढी सोय नसल्यास दिव्यासमोर पातळ पांढरा कागद धरावा.

भांडारातून काढलेले भिंग प्रथम दिव्याकडे धरून पाहावे. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आढळते. काठावरची थोडी बुरशी चालते, मध्यभागी पसरलेली मात्र प्रतिमा धूसर करते. साठच्या दशकातील काही भिंगांच्या काचेत थोरियम असे व ती कालांतराने पिवळी पडते. रंगांची नोंद करताना ही पिवळसर झाक वस्त्राचीच समजली जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक मांडणीचे पहिले छायाचित्र रंगपट्टी व मिलिमीटरची मोजपट्टी ठेवून घ्यावे आणि नमुन्याची पुढची व मागची अशा दोन्ही बाजू त्याच प्रमाणात, त्याच प्रकाशात टिपाव्यात. मागची बाजू टिपायचे राहून गेले, तर हिमरूची अर्धी वीण नोंदीबाहेरच राहते.