सुरतेतला भाड्याचा फ्लॅट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्न ठरले की खान्देशातल्या घरांत बस्त्याची बोलणी सुरू होतात, आणि बस्ता म्हटला की पहिले नाव निघते सुरतेचे. जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून सुरतेतल्याच उधन्याला थेट गाडी आहे. मुंबई सेंट्रलपासून सुरत रेल्वेने २६३ किलोमीटर. शालू, आहेराच्या साड्या, मानपानाचे कपडे हे काही एका दिवसात उरकणारे काम नाही. वरमाई, मामी, आत्या, दोन्हीकडचे एकेक जाणते माणूस आणि सोबत पोरेबाळे असा आठ-दहा जणांचा गोतावळा दोन-तीन रात्री राहणार कुठे? आजवर याचे उत्तर स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या तीन खोल्या हेच होते. आता मोबाइलवर अडाजण, पाल, वेसू, मोटा वराछा इथले सजवलेले फ्लॅट दिसतात. स्वयंपाकघर आहे, वॉशिंग मशीन आहे, गाडी लावायला जागा आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट आहे.

या नव्या सोयीभोवती गैरसमजही तितकेच जमले आहेत. काही भीतीपोटी आलेले, काही फाजील विश्वासापोटी. भीतीचे गैरसमज फार तर एक चांगली संधी घालवतात. फाजील विश्वासाचे मात्र पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतात.

आधी भीतीचे पाहू. ‘वस्तीतला फ्लॅट म्हणजे गावाबाहेर, सगळे लांब पडणार’ ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. सुरतेत ती फारशी खरी नाही, कारण या शहराला पर्यटकांचा असा एक मध्यबिंदूच नाही. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत सुभेदार इनायतखान ज्या किल्ल्यात दडून बसला, तो किल्ला तापीकाठी चौक बाजारात आहे. महापालिकेने दुरुस्ती करून तो संग्रहालय म्हणून खुला केला आहे. कवी नर्मदांचे ‘सरस्वती मंदिर’ हे घर आणि गोपी तलाव गोपीपुऱ्यात. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटाच्या कबरी कतारगामच्या बाजूला. मुलांचे मत्स्यालय नदीपलीकडे पालमध्ये, विज्ञान केंद्र सिटीलाइटला, आणि डुमसचा काळ्या वाळूचा किनारा पार नैर्ऋत्येला, विमानतळाच्याही पुढे. मुक्काम कुठेही टाकला तरी यांतले काही जवळ आणि काही लांबच पडणार.

शिवाय शहरात मेट्रोच्या दोन मार्गांचे, मिळून सुमारे ४० किलोमीटरचे काम सुरू आहे. ज्या जुन्या भागाला ‘मध्यवर्ती’ म्हणायचे, तिथेच खोदकामामुळे रस्ते अडतात आणि वाहतूक वळवली जाते. अडाजणच्या फ्लॅटमधून केबल पूल ओलांडला की माणूस थेट अठवालाइन्सला उतरतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीएसच्या बसना स्वतंत्र मार्गिका आहे. विचार करायचा तो कामाच्या जागेचा. बस्ताच बांधायचा असेल तर रिंग रोडचे कापड मार्केट आणि उमरवाड्याचे बॉम्बे मार्केट या दोन ठिकाणांपासूनचे अंतर पाहावे. रिंग रोडवर ठोक व्यापार चालतो आणि पुष्कळ दुकानांत सुटी साडी देत नाहीत; किरकोळ गिऱ्हाइकांची पावले बॉम्बे मार्केटकडे वळतात. पोरांना किनारा दाखवायचा असेल तर वेसूकडचा फ्लॅट सोयीचा.

‘तिथे आपली भाषा कुणाला कळणार?’ हाही प्रश्न येतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खान्देशातून गेलेली लाखो माणसे पिढ्यानपिढ्या राहतात. गल्लीत मराठीइतकीच अहिराणी कानावर पडते. महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. लिंबायतमधून २०१२ पासून संगीता पाटील विधानसभेवर निवडून येत आहेत. अडाजण-वेसूकडे मराठी कमी ऐकू येईल, पण हिंदी सगळीकडे चालते.

आणि १९९४ च्या सप्टेंबरातली प्लेगची साथ आठवून ‘सुरत म्हणजे घाण’ असे अजूनही म्हणणारे आहेत. त्या साथीनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी सफाईची व्यवस्था मुळापासून बदलली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरतेने इंदूरबरोबर देशातला पहिला क्रमांक वाटून घेतला. त्याचा पाहुण्यांशी संबंध इतकाच, की फ्लॅटमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा लागतो आणि तो सकाळी गाडी येईल तेव्हाच द्यायचा असतो. निघताना सगळे एका पिशवीत कोंबून जिन्यात ठेवून जाणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. ‘भाडे भरले, दार लावले, आत काय करतो ते आपले आपण’ या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होते.

सुरत–भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. त्याच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. त्या एका फलाटावर चार पावले इकडची तिकडे झाली की दारूचा कायदा बदलतो. गुजरातेत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय दारू बाळगणे व पिणे दोन्ही गुन्हे आहेत. खासगी घराला त्यातून सूट नाही. महाराष्ट्रातून पिशवीत घालून आणलेली बाटली हा आणखी वेगळा गुन्हा. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्यांना तात्पुरता परवाना मिळू शकतो. त्यासाठी ओळखपत्र आणि प्रवासाचा पुरावा लागतो, आणि खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी लागते. २०२३ च्या डिसेंबरात सवलत दिली गेली ती गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती. ‘आता गुजरातेत चालते’ असे सांगणाऱ्या मित्रावर विसंबून कुणी सुरतेत पार्टी ठरवू नये. लग्नघरातला एखादा उत्साही मामा अडकला, तर बस्ता बाजूला राहून सगळे घर वकिलाच्या मागे धावते.

कायद्याखालोखाल सोसायटी. फाटकात वॉचमनची वही असते. नाव, फ्लॅटचा नंबर, गाडीचा नंबर, आल्याची वेळ. काही ठिकाणी वहीऐवजी ॲप असते. वॉचमन मालकाला फोन लावतो, आणि रात्री अकराला मालकाने फोन उचलला नाही तर दहा माणसे सामानासकट फाटकाबाहेर उभी राहतात. यात वॉचमनचा दोष नसतो. मालकाने सोसायटीला कळवले आहे का, कमिटीची हरकत आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारायला हवे, आणि उत्तर लेखी संदेशात घ्यायला हवे. ‘फ्लॅट मालकीचा, मग सोसायटी कोण विचारणारी?’ हे मालकाचे उत्तर पुरेसे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण सोसायटीचा सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपनियम वैध धरला. तो वाद पाहुण्यांच्या फ्लॅटचा नव्हता, पण सहकारी सोसायटीच्या उपनियमांना न्यायालयात किती वजन असते ते त्यावरून कळते.

स्वयंपाकघराचेही तसेच. सुरतेतल्या पुष्कळ घरांत पाइपचा गॅस असतो, त्यामुळे सिलिंडरची काळजी नसते आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या वरणभातापर्यंत सगळे घरी होते. लहान मुले आणि पथ्याची माणसे बरोबर असतील तर फ्लॅट घेण्याचे हे सर्वांत मोठे कारण. मात्र जैन आणि सौराष्ट्रातल्या पाटीदार कुटुंबांची वस्ती असलेल्या कित्येक इमारतींत मांसाहार शिजवलेला चालत नाही. हे जाहिरातीत बहुधा लिहिलेले नसते. तिथे वाद घालण्यापेक्षा रांदेरला जाऊन खावे. रंगूनशी व्यापार करणाऱ्या रांदेरच्या कुटुंबांनी ब्रह्मदेशातून आणलेला ‘खावसा’ तिथे अजून मिळतो, आणि तो कुठल्याही फ्लॅटच्या स्वयंपाकघरात होणार नाही इतका चांगला असतो.

शेजाऱ्यांच्या नाराजीला कुणी ‘सुरतेचा कर्मठपणा’ म्हणत असेल तर तेही चूक. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत संपवणार. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी काळासाठी घर द्यायचे तर घरमालकाने स्वतः तिथे राहावे लागते आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. रोज बदलणारी अनोळखी माणसे, लिफ्टमधल्या बॅगा, मध्यरात्रीचे हसणे-खिदळणे यांचा त्रास माणसाला कुठेही होतो. ज्या मुलीची उद्या बारावीची परीक्षा आहे, तिच्या भिंतीपलीकडे आज सुट्टी साजरी होत असते, हे पाहुण्यांच्या ध्यानात राहत नाही.

कागदपत्रांबद्दलही दोन टोकांचे समज आहेत. ‘होमस्टे’ असे लिहिले की सरकारमान्य, असे अनेकांना वाटते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे अपेक्षित आहे, आणि भाड्याने द्यायच्या खोल्या एक ते सहा. किल्ली पेटीत ठेवून मालक मुंबईत बसला असेल, तर तो फ्लॅट त्या अर्थाने होमस्टे नव्हे. उलट ‘ओळखपत्र कशाला मागता, हॉटेल थोडेच आहे’ म्हणून रागावणारेही भेटतात. गुजरातेत हॉटेले व गेस्ट हाऊस पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या ‘पथिक’ प्रणालीत करतात, आणि घरे भाड्याने देणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्त वेळोवेळी अधिसूचना काढतात. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र मागणारा मालक आपले काम नीट करतो आहे. लग्नासाठी अमेरिकेहून आलेला, परदेशी पासपोर्ट असलेला भाऊ बरोबर असेल तर त्याची नोंद चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करणे ही ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ते आधी सांगितले नाही, तर अडचण मालकाची आणि मनस्ताप सगळ्यांचा.

‘फ्लॅटला जीएसटी नसतो’ हेही खरे नाही. राहण्यासाठी महिन्याच्या भाड्याने घेतलेले घर वेगळे आणि दोन रात्रींचा निवास वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के आणि त्याहून महागड्या निवासावर १८ टक्के कर आहे. मालक नोंदणीकृत नसेल तर बुकिंग घेणाऱ्या ॲपवर तो भरण्याची जबाबदारी येते. म्हणून काही जण सुचवतात, ‘ॲप सोडा, थेट पाठवा, स्वस्तात देतो.’ इथेच फसवणुकीला वाट मिळते : दुसऱ्याच घराचे फोटो, आगाऊ रक्कम, आणि मग बंद फोन. ॲपबाहेर पैसे दिले की तक्रारीचा आधारही जातो. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम हातची जाण्याची शक्यता जास्त.

छुप्या कॅमेऱ्याची शंका मनात असणाऱ्यांसाठी : एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातल्या आपल्या घरांत आतले कॅमेरे पूर्ण बंद केले, मालकाने आधी सांगितलेले असले तरी. आत कॅमेरा दिसला तर तो तक्रारीचा विषय आहे, समजूत घालून घेण्याचा नाही.

फोटोंत न दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र जिवाशी निगडित आहेत. एक म्हणजे पाणी. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आलेल्या पुरात शहराचा मोठा भाग बुडाला. अडाजण, रांदेर त्यात होते. अलीकडे त्रास देतात त्या शहरातल्या खाड्या. २०२४ चा जुलै आणि २०२५ चा जून, दोन्ही वेळा खाडीचे पाणी वस्त्यांत शिरले. पर्वत पाटिया आणि लिंबायतच्या रहिवाशांना ते पाठ आहे. पावसाळ्यात तळमजला ‘गार आणि सोयीचा’ म्हणून घेऊ नये, खाडीकाठी तर नाहीच. दुसरी गोष्ट आग. २४ मे २०१९ ला सरथाणाच्या तक्षशिला इमारतीत शिकवणीला आलेली २२ मुले गेली. जिना जळाल्यावर त्यांना बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. फ्लॅट घेताना दुसरा जिना आहे का, तो मोकळा आहे का, बाल्कनीला कुलूपबंद जाळी आहे का, हे विचारायला कुणी लाजू नये. पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जिना स्वतः उतरून पाहावा.

राहिला प्रश्न तारखांचा. ‘दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, पोरांनाही वेळ असतो’ असे ठरवून बुकिंग केले जाते आणि मार्केटला कुलपे दिसतात. दिवाळीत हिरे आणि कापडाचा धंदा थांबतो, सौराष्ट्रातली कुटुंबे गावी जातात, वराछा-कतारगामच्या इमारती रिकाम्या पडतात. कापडबाजाराचा मुहूर्त होतो तो लाभपंचमीला, कार्तिक शुद्ध पंचमीला, आणि गजबज परतायला त्यानंतरही काही दिवस लागतात. रविवारीही ठोक मार्केट बहुतेक बंद असते. तुळशीच्या लग्नानंतरची, थंडीतली तारीख धरली तर दुकाने उघडी मिळतात, आणि ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांचा पोंकही बाजारात आलेला असतो. तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तसाच खातात; वडे करायचे असतील तर फ्लॅटमध्ये कढई आहे का, हे मालकाला आधी विचारून घ्यावे.