दार अडतंय? रंधा जरा दमानं!

मृगाचे दोन पाऊस झाले की परभणी, सेलू, जिंतूरकडच्या सुतारांना निरोप येऊ लागतात: दार अडतंय. उन्हाळ्यात ४४ अंशांवर तापून कोरडंठाक झालेलं लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. फुगतं तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे दार चौकटीला कडेनं घासतं.

पूर्वी मिस्त्री दार उतरवून हातरंधा मारत बसायचे. आता पिशवीतून विजेचा रंधा निघतो. जपानच्या मकिता कंपनीनं १९५८ साली असा रंधा बाजारात आणला. आज ८२ मिलिमीटर पात्याचा रंधा सर्रास वापरात आहे.

प्लग काढून तो उलटा करून बघा. दोन सपाट तळ आणि मधे दोन पात्यांचा रूळ. मागचा तळ पात्यांच्या पातळीत पक्का. पुढची मूठ फिरवली की पुढचा तळ वर सरकतो. जेवढा सरकेल तेवढा थर निघणार. रूळ मिनिटाला सोळा हजारांच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला पाचशेवर काप. रंधा सेकंदाला फूटभर सरकवला तर दोन कापांत जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर राहतं. घाईनं ढकललात की ते वाढतं आणि पॉलिश झाल्यावर आडव्या लाटा दिसतात. मग मिस्त्री पॉलिशवाल्याला नावं ठेवतो!

सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. हे चुकलं की टोकाला खड्डा ठरलेला. साग सहसा निमूट तासला जातो. बाभळीच्या रेषा उलटसुलट, तिथे थर अर्ध्या मिलिमीटरहून कमीच ठेवावा. दाराच्या वरच्या-खालच्या कडेला उभ्या पट्ट्यांची टोकं येतात. तिथे रंधा दोन्ही बाजूंनी आत मारावा, नाहीतर कोपऱ्याची चिरफळी उडते.

जुन्या दारातले खिळे आधी शोधा. बटण सोडल्यावरही रूळ फिरत असतो. थांबेपर्यंत रंधा खाली टेकवू नका. तोंडाला मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच जाहीर केलंय.

माझ्या मते यंत्राचा खरा धोका त्याच्या वेगात आहे. हातरंध्यानं घाम निघायचा, म्हणून माणूस गरजेपुरतंच तासायचा. यंत्रानं दोन-तीन मिलिमीटर कधी गेले, कळतही नाही. भर पावसात दार सैल होईपर्यंत तासलं, तर लाकूड सुकल्यावर बोटभर फट पडते. तेव्हा दार लागेल इतकंच तासून घ्या आणि उघड्या पडलेल्या कडा कोरड्या दिवशी रंगवा. खालची कडसुद्धा, ती दार उतरवलेलं असतानाच रंगवता येते.